वर्षातून दोनदा की दोन वर्षांनी?

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या सोसायटीत नोटीस लागलीये, पाण्याच्या टाकीची सफाई 'बायअ‍ॅन्युअल' होणार. सेक्रेटरी काका म्हणतात दोन वर्षांतून एकदा, मी म्हणते वर्षातून दोनदा. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही. बायअ‍ॅन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा, म्हणजे आपलं सहामाही. काकांच्या डोक्यात जो शब्द आहे तो 'बायेनिअल', दर दोन वर्षांनी येणारं. कोचीचं कलाप्रदर्शन 2012 साली सुरू झालं ना, त्याच्या नावातलं 'बिएनाले' हे त्याचंच इटालियन भावंड. आणि बागकामात बायेनिअल म्हणजे दोन हंगामांत आयुष्य उरकणारं झाड, जसा कांदा, पहिल्या वर्षी नुसता पोसतो आणि तोच परत लावला की दुसऱ्या वर्षी दांडा येऊन गोंडा फुलतो, बी धरतं. (दोन वर्षं टाकी न धुता पाणी प्यायचं, काका धन्य आहेत.)

खरा घोळ 'बायमंथली'चा आहे, कारण डिक्शनरीत त्याचे दोन्ही अर्थ दिलेत, महिन्यातून दोनदा पण आणि दोन महिन्यांतून एकदा पण, आता बोला! रिझर्व्ह बँकेचं पतधोरण बायमंथली म्हणतात ते दोन महिन्यांनी एकदा, वर्षाला सहा वेळा. 'बायवीकली'चंही तेच रडगाणं, त्यापेक्षा पंधरवड्याला 'फोर्टनाइटली' लिहा, तिथे वादच नाही. नोटीसवर मात्र सरळ 'दर सहा महिन्यांनी' लिहायला लावा, आणि पुढची तारीखही टाकून घ्या.