नेपल्सला जहाज सकाळी ७ ते संध्याकाळी ६:३० थांबणार आहे. सासूबाई (६८, गुडघेदुखी) आणि ८ व १२ वर्षांची मुलं बरोबर. जहाजाची टूर न घेता पॉम्पेई (ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर) जमेल का?

जमेल, पण त्या दिवशी पॉम्पेईच. काप्री बेट किंवा सोरेन्तो गाव जोडू नका.

हिशोब उलटा मांडा. ६:३० ला जहाज सुटणार म्हणजे तुम्ही साधारण ६ पर्यंत आत हवेत. नेमकी वेळ जहाजावर आदल्या रात्री मिळणाऱ्या पत्रकात असते. जहाजाच्या टूरची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं, स्वतःहून गेलेल्यांसाठी नाही. म्हणून पॉम्पेईहून अडीचच्या सुमाराला निघा. एखादी गाडी रद्द झाली तरी पुरेसा वेळ राहतो, आणि चिर्कुमवेसुविआनाच्या (पॉम्पेईला जाणाऱ्या लोकल रेल्वेच्या) गाड्या रद्द होतात. ‘शोपेरो’ (sciopero) म्हणजे संप. हा शब्द टाकून आदल्या दिवशी शोधा.

बंदरासमोरच म्युनिचिपिओ मेट्रो आहे. लाइन १ ने गारिबाल्दी, तिथे खालच्या मजल्यावर चिर्कुमवेसुविआना. सोरेन्तोची गाडी घ्या आणि ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ला उतरा; ३५–४० मिनिटं. गफलत इथेच होते: पॉम्पेई नावाची आणखी स्टेशनं आहेत, ती गावात आहेत. गाडीत गर्दी आणि उकाडा असतो, पाकीटमारही. बसायला जागा हवी तर एक स्टेशन मागे, पोर्ता नोलानाला चढा; गाडी तिथूनच सुटते.

तिकीट ऑनलाइन काढा. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे ओळखपत्र लागतं. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतले असतील तर झेरॉक्स जवळ ठेवा. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट, पण मुलांच्या वयाचा पुरावा न्या. ३०×३०×१५ सेंमीपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही.

स्टेशनसमोरच्या पोर्ता मरीनाच्या दारातून चढ आहे, फरसबंदी खडबडीत. सासूबाईंसाठी पियात्सा आन्फितेआत्रोचं दार बरं: ‘पॉम्पेई पेर तुत्ती’ हा चढ-पायऱ्या टाळणारा मार्ग तिथून सुरू होतो. स्टेशनपासून तिथवर टॅक्सी करा, चालवू नका.

आत अडीच तास पुरेत. मुलांना वस्तूंच्या यादीपेक्षा रस्ते आवडतात: गाड्यांच्या चाकोऱ्या, पाय न भिजता रस्ता ओलांडायचे उंच दगड, जात्यांसकट बेकरी. इ. स. ७९ च्या राखेत मेलेल्या माणसांचे प्लास्टरचे ठसे ८ वर्षांच्या मुलाला दाखवायचे का, ते आधी ठरवा. सावली जवळपास नाही. टोपी हवीच, बाटली आतल्या नळांवर भरता येते.

जेवण नेपल्सला परतल्यावर. शाकाहारींनी घाबरू नये: ‘मरिनारा’ पिझ्झात मासे नसतात, टोमॅटो, लसूण, ओरेगानो एवढंच, चीजही नाही. तळलेल्या पिझ्झाच्या सारणात मात्र डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात, विचारून घ्या.

सासूबाईंना पॉम्पेई झेपणार नसेल तर कुणीतरी त्यांना घेऊन पुरातत्त्व संग्रहालयात जावं (मेट्रो म्युझेओ, मंगळवारी बंद). पॉम्पेईतली उत्तम भित्तिचित्रं आणि मोझेक तिथेच आहेत, शिवाय १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती. तशाच मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. संग्रहालयातली मूर्ती प्रौढांसाठीच्या ‘गुप्त कक्षा’त आहे, मुलांना दाराशी अडवू शकतात.