रॉकेटच्या बातम्यांत ‘होल्ड’ आणि ‘स्क्रब’ म्हणजे नेमकं काय?

होल्ड म्हणजे उलटगणती थांबवणे. दोष लगेच निस्तरला तर त्याच दिवशी उड्डाण होऊ शकतं. २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयान मोहिमेच्या टीव्ही-डी१ या मानवरहित चाचणी उड्डाणात संगणकाने ५ सेकंद उरले असताना गणती रोखली, तरी सकाळी १० वाजता यान उडालंच.

स्क्रब म्हणजे त्या दिवसाचा प्रयत्न सोडून देणे. दुरुस्तीला वेळ लागणार असेल किंवा प्रक्षेपणाची ठरलेली वेळ टळत असेल, तर हाच निर्णय होतो. क्रायोजेनिक (अतिथंड द्रवरूप) इंधन भरलेलं असेल तर तेही काढावं लागतं. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ ला ५६ मिनिटं आधी थांबवलं, ते २२ जुलैला झालं. मराठीत स्क्रबला ‘प्रक्षेपण रद्द’ म्हणतात. पण त्यामुळे मोहीमच बारगळली असं वाटतं. ‘पुढे ढकललं’ जास्त बरोबर.