फुटबॉल क्लबने नवा मॅनेजर निवडताना मोठं नाव बघावं, की आणखी काही?

तुम्ही विचारलंय की मॅनेजर गेला की चाहते लगेच मोठमोठी नावं घ्यायला लागतात, पण क्लबने खरं म्हणजे काय बघून माणूस निवडावा? आणि मोठं नाव आणणं ही चूकच असते का?

माझ्या मते नाव सगळ्यात शेवटी यावं. आपला संघ कसा खेळणार हे आधी ठरलेलं पाहिजे. ते ठरवणारा माणूस प्रशिक्षक आला-गेला तरी जागेवर राहणारा पाहिजे. एवढं असेल तर फारसा कुणाला माहीत नसलेला प्रशिक्षकही त्या जागी नीट बसतो. एवढं नसेल तर कितीही मोठा माणूस आणा, सहा महिन्यांत तो आणि क्लब दोघं एकमेकांकडे परक्यासारखं बघायला लागतात.

हे मला मुंबई सिटी एफसीने शिकवलं. 2014 पासून, म्हणजे इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हापासून, या क्लबच्या मागे आहे. पहिल्या वर्षी पीटर रीड. दुसऱ्या वर्षी निकोलस आनेल्का, खेळाडूही तोच आणि मॅनेजरही तोच. तिसऱ्या वर्षी कोस्टा रिकाचे अलेक्झांडर गिमाराइस. तीन मोसमांत तीन माणसं, आणि तिघांच्या खेळाचा एकमेकांशी काही संबंध नाही. 2016 मध्ये उरुग्वेचा स्टार फोर्लान होता, साखळीत आपण पहिले आलो, फार आनंद झाला. पण त्यातून पुढच्या वर्षासाठी शिल्लक काय राहिलं, तर काही नाही. प्रशिक्षक बदलला की पाटी पुसून नव्याने श्रीगणेशा.

नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने, सिटी फुटबॉल ग्रुपने, क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला आणि 2020 मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आला. त्याचा खेळ आपण एफसी गोवाच्या जर्सीत तीन मोसम डोळ्यांनी बघितला होता: चेंडू पायाशी ठेवायचा, मागून बांधत न्यायचा, सतत पुढे माणसं घालायची. त्याच्याबरोबर अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमू, मंदार राव देसाई हे गोव्याचे खेळाडूही आले, म्हणजे शिकवायला वर्ष घालवावं लागलं नाही. कोविडमुळे तो अख्खा मोसम गोव्यात, रिकाम्या स्टँडसमोर झाला. 13 मार्च 2021 ला फातोर्ड्याला फायनलमध्ये 90व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला तेव्हा मी घरात टीव्हीसमोर उभा होतो. लीग शिल्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याला) आणि कप (प्लेऑफची फायनल जिंकणाऱ्याला) एकाच मोसमात तोवर कुणी जिंकले नव्हते.

पण निवड कशी करावी याचा खरा धडा त्याच्या पुढचा आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये, मोसम सहा आठवड्यांवर असताना, लोबेरा ग्रुपच्याच चीनमधल्या क्लबकडे गेला आणि त्याच्या जागी डेस बकिंगहॅम आला. हा कोण, असं मीही विचारलं. मेलबर्न सिटीत तो सहायक प्रशिक्षक होता. मेलबर्न सिटी म्हणजे त्याच ग्रुपचा क्लब, खेळाची जातकुळी तीच. त्या मोसमात आपण पाचवे आलो, प्लेऑफ हुकलं. 'याला काढा' हे मी दर सामन्यानंतर वाचत होतो. क्लबने त्याला काढलं नाही. एप्रिल 2022 मध्ये रियाधला त्याच्या संघाने इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. आणि पुढच्या मोसमात? 20 सामन्यांत 46 गुण, 54 गोल, सलग 18 सामने हार नाही, लीग शिल्ड.

अंधेरीच्या स्टेडियमवर तेव्हा काय दिसायचं ते सांगतो. गोलकीपर फुर्बा लाचेन्पा चेंडू पायाखाली धरून थांबायचा. दोन्ही सेंटर बॅक पेनल्टी बॉक्सच्या दोन्ही बाजूंना पसरायचे. समोरचा स्ट्रायकर धावत यायचा आणि आमच्या ब्लॉकमधून आवाज उठायचा, 'अरे मार ना पुढे!' तो मारायचा नाही. स्ट्रायकर दोन पावलांवर आला की चेंडू हळूच बाजूच्या बॅककडे, तिथून मिडफिल्डला, आणि बघता बघता विंगर छांगटे उजव्या बाजूने सुटलेला असायचा. सुरुवातीला पोटात गोळा यायचा. दोन-तीन महिन्यांत आमच्या ब्लॉकमधली ती हाळी बंद झाली. प्रेक्षकसुद्धा त्या पद्धतीत तयार झाले होते. आधीच्या वर्षी पाचव्या नंबरावर बकिंगहॅमला घालवला असता, तर हे बघायलाच मिळालं नसतं.

नोव्हेंबर 2023 मध्ये तो ऐन मोसमात आपल्या गावच्या क्लबकडे, ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेला. क्लबने पुन्हा मेलबर्नमधूनच सहायक आणला, पेत्र क्रात्की. 15 एप्रिल 2024 ला कोलकात्यात मोहन बागानकडून 2-1 हरून शिल्ड गेली. त्याच मैदानावर 4 मे रोजी त्याच बागानला 3-1 हरवून कप आणला, कप्तान आपल्या मुंबईचा राहुल भेके. तीन प्रशिक्षक, पण मैदानावरचा संघ ओळखू यावा इतका एकच. प्रशिक्षक बदलणं वाईट नसतं. त्याच्याबरोबर खेळ बदलणं महागात पडतं. एफसी गोवानेही खेळ तोच ठेवला: मधले डेरिक परेरांचे काही महिने सोडले तर लोबेरानंतर हुआन फेरांदो, मग कार्लोस पेन्या, मग मनोलो मार्केझ, सगळे एकाच स्पॅनिश वळणाचे. पेन्या तर लोबेराच्या हाताखाली गोव्याकडूनच खेळलेला.

याच्या उलट झालेलं बघायचं तर मँचेस्टर युनायटेडचं 2013 आठवा. मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन 26 वर्षांनी गेले ते लीग जिंकून. डेव्हिड मॉयेस आला, एव्हर्टनला 11 वर्षं काढलेला, मेहनती माणूस. लोक सगळं खापर त्याच्यावर फोडतात, मला ते पटत नाही. त्याच उन्हाळ्यात खेळाडूंचे व्यवहार बघणारे डेव्हिड गिलही गेले. म्हणजे घर ज्यांना माहीत ती दोन्ही माणसं एकदम बाहेर. मॉयेसने जुने सहायक प्रशिक्षक जाऊ देऊन स्वतःचे आणले, तर उरलीसुरली आठवणही गेली. एव्हर्टनचा मिडफिल्डर फेलायनी याच्या करारातलं ठरलेल्या किमतीचं कलम जुलैअखेर संपू दिलं आणि शेवटच्या दिवशी 40 लाख पाउंड जास्त मोजून त्याला घेतलं, यावरून आत काय गोंधळ असेल ते कळतं. करार सहा वर्षांचा होता, दहा महिन्यांत संपला. चॅम्पियन संघ सातवा आला.

लिव्हरपूलने 2024 मध्ये हे जाणून काम केलं. 26 जानेवारीला मॅनेजर क्लॉपने जाणार म्हणून सांगितलं. क्लबने आधी मार्चमध्ये आपले जुने स्पोर्टिंग डायरेक्टर मायकेल एडवर्ड्स यांना परत आणलं, रिचर्ड ह्यूजेसना नवे स्पोर्टिंग डायरेक्टर नेमलं, आणि मग या लोकांनी प्रशिक्षक शोधला. चाहते शाबी अलोन्सोचं नाव घेत होते, तो लेव्हरकुसेनलाच राहिला. फायनूर्डचा आर्ने स्लॉट आला. असलेल्या खेळाडूंतून काम करेल असा माणूस त्यांना हवा होता. त्या उन्हाळ्यात लगेच संघात येणारा एकच नवा खेळाडू घेतला, किएसा. मिडफिल्डच्या तळाला नवा माणूस मिळाला नाही तर स्लॉटने आधीपासून असलेल्या ग्राव्हेनबर्खला तिथे उभं केलं. 27 एप्रिल 2025 ला टॉटनहॅमवर 5-1, लीग हातात. जाता जाता: क्लॉपचं पद 'मॅनेजर' होतं, स्लॉटचं 'हेड कोच'. खरेदी-विक्री आणि पुढच्या पाच वर्षांचा विचार दुसऱ्या कुणाकडे, संघाची तयारी त्याच्याकडे. तुम्ही ज्याला मॅनेजर म्हणता ते पद मोठ्या क्लबांतून आता कमी होत चाललंय.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आपल्याकडे प्रशिक्षक शोधायचा म्हटलं की नजर थेट परदेशी जाते, घरातला माणूस दिसत नाही. खालिद जमीलने मुंबई एफसीला (हा मुंबई सिटीपेक्षा वेगळा क्लब) 2009 पासून सात मोसम आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, टिकवलं, तेही हात आखडून खर्च करणाऱ्या संघात. 2016 मध्ये तो तिथून बाहेर पडला. मिझोरामच्या आयझॉल एफसीने त्याला घेतलं. त्याच्या पाठोपाठ जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईचेच खेळाडू तिकडे गेले. 30 एप्रिल 2017 ला शिलाँग लाजाँगशी 1-1 बरोबरी करून आयझॉल आय-लीग जिंकलं. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली. एवढं झाल्यावरही आयएसएलमध्ये भारतीय माणसाला कायमचं मुख्य प्रशिक्षकपद मिळायला 2021 उजाडलं. ते नॉर्थईस्ट युनायटेडने दिलं, खालिदलाच, आणि आधी त्याने अंतरिम म्हणून संघ प्लेऑफपर्यंत नेऊन दाखवल्यावर. ऑगस्ट 2025 मध्ये तो देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. हाताशी असलेल्या खेळाडूंचं सोनं कोण करतो, हे बघायला परदेशात जावं लागत नाही.

मोठं नाव चूकच का? नाही. त्या नावाचा खेळ तुमच्या खेळाशी जुळत असेल तर जरूर आणा. करार मात्र डोळे उघडे ठेवून करा. डिसेंबर 2021 मध्ये एटीके मोहन बागानने करारातली ठरलेली रक्कम भरून फेरांदोला गोव्याकडून ऐन मोसमात उचललं. ते कलम होतं म्हणूनच ते शक्य झालं.

मी स्वतः एका छोट्या स्थानिक क्लबच्या कमिटीत होतो तेव्हा आम्हालाही कोच निवडायचा होता. आधीच्या वेळी नावाला भुलून हात पोळले होते. या वेळी आमच्यातल्या एका जुन्या हाफबॅकने हट्टाने सगळ्यांना बसवून एक कागद लिहवून घेतला: आपली पोरं लहानखुरी आहेत, उंच चेंडूवर आपण हरतो, म्हणून जमिनीवरून खेळायचं, दर सामन्यात एकोणीस वर्षांखालचे दोघं तरी खेळवायचे. मुलाखतीला चौघं आले. प्रत्येकाला एकच सांगितलं, तुमचा अलीकडे हरलेला सामना समजावून द्या. तिघांनी रेफ्री, मैदान, दुखापती सांगितल्या. चौथ्याने टेबलावरचे चहाचे कप ओढून घेतले, बॅकलाइन मांडली, एक कप बोटाने पुढे सरकवला आणि म्हणाला, 'इथे मी पोराला चुकीची जागा सांगितली होती. तो बिचारा मी सांगितलं तिथेच उभा होता.' त्याला घेतला.

पहिल्या चार सामन्यांत आम्ही तीन हरलो. कमिटीची बैठक बसली, दोघांनी नव्या माणसाचं नाव आधीच खिशात आणलं होतं. जुन्या हाफबॅकने तो कागद काढला, मध्ये ठेवला आणि विचारलं, पोरं जमिनीवरून खेळतायत की नाही? खेळत होती. एकोणीसखालचे दोघं? चारही सामन्यांत होते. नावं खिशातच राहिली आणि चर्चा बुटांच्या खर्चावर गेली.