दिवसभर मेल आणि व्हॉट्सॲप चालू ठेवून मूळ काम वेळेत कसं संपवता?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरून काम करता, मेल आणि व्हॉट्सॲप बंद ठेवायची सोय नाही, साहेबांना लगेच उत्तर लागतं, त्यातच हात इन्स्टाग्रामकडे जातो, आणि खरं काम मुलं झोपल्यावर रात्री करावं लागतं. काही बंद न करता तोल कसा साधायचा?

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं करतो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सीएचएला (म्हणजे कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटला) द्यायची माहिती, बीएलचा (जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीचा) ड्राफ्ट तपासणं, हे माझं काम. त्यातलं निम्मं मेलनेच येतं आणि मेलनेच जातं. मला कुणी 'मेल बंद ठेवा' म्हणालं आणि मी ते ऐकलं, तर मालक मलाच बंद करतील. म्हणून तुमची अडचण मला कळते.

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी पॅकिंग लिस्ट भरत होतो. माल मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला निघायचा होता. पॅकिंग लिस्ट म्हणजे काय, तर ओळीमागून ओळ: आर्टिकल, रंग, साइज, कार्टन नंबर कितीपासून कितीपर्यंत, एका कार्टनमध्ये नग किती, नेट वजन, ग्रॉस वजन. डोकं लागत नाही, पण नजर हलली की संपलं. पंचवीस-तीस ओळी झाल्या असतील, शेजारी ठेवलेला मोबाइल थरथरला. सोसायटीचा ग्रुप. 'पाणी आलं का?' त्याखाली 'बी विंगला आलं.' त्याखाली एका काकांचं गुलाबाचं फूल, शुभ दुपार.

सोलापूरच्या बाहेरच्यांना यात काय एवढं असं वाटेल. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असो नाहीतर तळाला गेलेलं, घरातलं वेळापत्रक पाण्याच्या दिवसावरच चालतं. तो मेसेज माझ्यासाठी टाइमपास नव्हताच. घरी फोन लावला, 'मोटर लाव' म्हणालो, ठेवला. दोन मिनिटं गेली असतील. पुन्हा लिस्टकडे वळलो आणि टाइप करत सुटलो. एका ओळीत ग्रॉस वजन नेटच्या रकान्यात आणि नेट ग्रॉसच्या रकान्यात. बेरजा त्यामुळे चुकल्या, शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद, तसंच भरलं गेलं, पोर्टवर लक्षात आलं, दुरुस्ती होईपर्यंत कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी माल घ्यायची शेवटची वेळ, निघून गेला. कंटेनर पुढच्या जहाजाने गेला. मालक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काय बघायलास बे मोबाइलात?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

खाली शेडमध्ये रेपियर माग आहेत. धागा तुटला की माग जागच्या जागी थांबतो, वरचा दिवा लागतो, कामगार येऊन गाठ मारतो, मग पुढे. तुटक्या धाग्यावर कापड पुढे सरकत नाही. माझ्यात असा दिवा नाही. मोटर चालू होती, मी लिस्टवर होतो, आणि डोक्यात 'टाकी भरून वाहायला तर लागली नसेल?' हे चालू होतं. बोटं मात्र थांबली नाहीत. सोफी लिरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये नेमकं यावरच लिहिलंय: एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा थोडा भाग पहिल्याच कामात रेंगाळतो. दोन मिनिटांच्या फोनची किंमत दोन मिनिटं नसते ती यामुळे.

त्या सोमवारी मी एक गोष्ट केली. टेबलावरच्या वहीचं एक पान घेतलं, मध्ये रेघ ओढून दोन रकाने केले. मोबाइल वाजला म्हणून हात गेला तर डावीकडे एक रेघ; काही न वाजता हात गेला, किंवा उगाच मेलची खिडकी उघडली, तर उजवीकडे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डावीकडे नऊ रेघा आणि उजवीकडे बावीस. मी इतके दिवस ग्रुपला, खरेदीदारांना, गुलाबाच्या फुलांना शिव्या घालत होतो, आणि बावीस वेळा मला कुणी बोलावलंच नव्हतं. अमेरिकेतल्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसात बसून माणसांच्या कामाच्या नोंदी घेतल्या, त्यांनाही असंच आढळलं: कामात येणाऱ्या अडथळ्यांपैकी जवळपास निम्मे माणूस स्वतःच आणतो. माझं निम्म्यापेक्षा बरंच पुढे होतं, ते सोडा.

आता डाव्या रकान्याबद्दल आधी बोलतो, कारण तो सोपा आहे. मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: माझं उत्तर समोरचा कधी वाचणार आहे? आमचे मोठे खरेदीदार अमेरिकेत. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. मी सकाळी दहाला घाईघाईने उत्तर पाठवायचो तेव्हा तिकडे मध्यरात्र झालेली असायची. माणूस घोरत पडलेला, आणि मी इकडे पॅकिंग लिस्ट सोडून 'डिअर सर' टाइप करतोय! तेच उत्तर दुपारी चारला पाठवलं काय नि सहाला पाठवलं काय, त्याच्या चहाच्या कपाशेजारी ते एकाच वेळी उघडणार. जर्मनीवाले उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, म्हणजे त्यांचं ऑफिस आपल्याकडे साडेबारा-एकच्या सुमारास उघडतं. हे कागदावर मांडल्यावर वेळा आपोआप ठरल्या. सकाळी दहा मिनिटं फक्त नजर टाकायची, काही पेटलंय का एवढंच बघायचं. दीडला युरोप. साडेपाचला अमेरिका, सीएचए आणि बाकी सगळे. मधल्या वेळात मेलची खिडकी बंद. मिनिमाइज केलेली नाही, बंद.

पुढे वाचनात आलं की कॅनडात कुशलेव आणि डन या दोघांनी १२४ जणांवर हेच करून पाहिलं होतं, २०१५ मध्ये ते छापून आलं. एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायचा, एक आठवडा हवा तेवढ्या वेळा. तीनदावाल्या आठवड्यात लोकांचा ताण कमी होता. वाचून बरं वाटलं, पण मी शास्त्राला विचारून सुरू केलं नव्हतं, घड्याळ बघून केलं होतं.

तुमचे साहेब अमेरिकेत नसतील, शेजारच्या खोलीतल्यासारखे ऑनलाइन असतील, हे मान्य. माझेही मालक खालच्या मजल्यावरच बसतात. पण एक विचारू? 'लगेच' हे त्यांनी सांगितलंय की तुम्ही धरून चाललाय? माझ्या बाबतीत मीच धरून चाललो होतो. मी त्यांना सांगितलं, "मालक, दीडला आणि साडेपाचला सगळ्या मेलला उत्तर जातंय. मधे अडलं तर फोन करा, मी उचलतोच." त्यांनी मान हलवली आणि विषय संपला. पहिल्या महिन्यात चार-पाच फोन आले असतील, सगळे खरोखर अडलेलेच. मेल करायला काही लागत नाही, मनात आलं की माणूस पाठवतो. फोन करायचा म्हटलं की समोरच्यालाही 'हे आत्ताच हवंय का?' असा विचार करावा लागतो. चाळणी आपोआप लागते.

पाण्याचंही तेच केलं. सोसायटीचा ग्रुप कायमचा म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकला. पाणी आलं तर घरून फोन येतो, मेसेज नाही. बायको घरात नसेल त्या दिवशी शेजारच्या काकू फोन करतात आणि मोटरही लावतात. ग्रुपवरची गुलाबं रात्री बघतो, काकांना हातही जोडतो.

बायकोचं उदाहरण तुम्हाला जास्त जवळचं वाटेल. ती घरी शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम घेते. मे-जूनमध्ये तिचा मोबाइल तव्यावरच्या लाहीसारखा उडत असतो: मापं, फोटो, 'झालं का हो ताई', 'बाही जरा लांब'. मशीनवर पाय आणि मोबाइलवर डोळा, असं करताना एकदा दोन डाव्या बाह्या एकाच शर्टाला लागल्या. (शर्ट आमच्याकडेच आहे. मुलगा हसायला काढतो.) तिने व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं आणि आपोआप जाणारा एक मेसेज लावला: 'मेसेज मिळाला. मापं आणि ऑर्डरची उत्तरं दुपारी चार ते पाच. घाई असेल तर फोन करा.' मला भीती होती की गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. एकही गेलं नाही. उलट 'झालं का हो' हे मेसेज कमी झाले. लोकांना लगेच उत्तर हवं असतं असं नाही, कधी मिळणार ते कळलं की ती थांबतात. मीही आता मोठ्या मेलला आधी एक ओळ टाकतो, 'मिळालं, उद्या संध्याकाळपर्यंत पाठवतो'. एरवी त्याच गोष्टीसाठी आणखी दोन मेल आले असते.

सीसीमध्ये येणाऱ्या मेलसाठी जीमेलमध्ये फिल्टर लावा, वेगळ्या लेबलात जाऊ द्या. मी ते आठवड्यातून दोनदा बघतो. आजवर काही बिघडलेलं नाही.

उजवा रकाना अवघड आहे, आणि तिथे मी अजून हरतो. काय काय करून पाहिलं ते सांगतो म्हणजे तुमचे पैसे आणि वेळ वाचतील. ॲपवर रोजची मर्यादा लावली. वेळ संपली की मीच आत जाऊन ती वाढवायचो. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, ही पोमोडोरो पद्धत अनेकांना लागू पडते. माझी लिस्ट पन्नास मिनिटांची असते, मध्येच घंटी वाजली तर तोच घोळ. स्क्रीन काळी-पांढरी करून पाहिली, तर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे व्हिडिओ काळे-पांढरे बघायची वेळ आली. ते काही सोलापूरकराला पटणारं नाही, दुसऱ्याच दिवशी रंग परत आणले.

उपयोग झाला तो दोनच गोष्टींचा. एक, कंप्युटरवरचं व्हॉट्सॲप वेब लॉगआउट केलं. मोबाइल उचलला तर निदान आपल्याला कळतं. कंप्युटरवर टॅब बदलणं म्हणजे कामच केल्यासारखं वाटतं. दुसरी, मोबाइलची जागा बदलली. आता तो टेबलावर नसतो, दाराजवळच्या फाइलींच्या रॅकवर असतो, रिंग मोठ्याने चालू. फोन आला तर ऐकू येतो. उगाच बघायचं असेल तर खुर्ची मागे सरकवून, उठून, आठ पावलं चालावं लागतं, आणि समोर अकाउंटचे अण्णा बसलेले असतात. ते काही बोलत नाहीत, चष्म्यावरून नुसतं बघतात.

इन्स्टाग्राम मी काढलेलं नाही. चहाच्या वेळी बाहेर टपरीवर उभा राहून पंधरा मिनिटं रील्स बघतो आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. न संपणारं स्क्रोल एझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केलं आणि पुढे त्यांनाच त्याचा पश्चात्ताप झाला. पानाला शेवटच नसेल तर माणूस थांबणार कुठे? माझा शेवट म्हणजे चहाचा ग्लास. तो रिकामा झाला की मोबाइल खिशात. रात्री अकराला मात्र ग्लास नसतो, तिथे माझं काही चालत नाही. त्यावर कुणाकडे उपाय असेल तर मलाही सांगा.

तुम्ही यातलं काही करायच्या आधी एक दिवस नुसतं वहीचं पान आणि दोन रकाने करून बघा. तुमचा डावा रकाना भरला तर साहेबांशी बोला, उजवा भरला तर मोबाइलची जागा बदला. दोन्हींची औषधं वेगळी आहेत. आणि रेघा पेन्सिलनेच मारा. मोजून देणारी ॲप्स आहेत, मीही घेतलं होतं. आकडा बघायला ते उघडलं, आणि वीस मिनिटांनी भानावर आलो तेव्हा कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत होतो.