पैसा आधी दिसणाऱ्या डोळ्यासाठी

ताई, स.न.वि.वि.

तुमच्या पत्राप्रमाणे तुमचे बाबा उद्यमबागेतील फौंड्रीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांचे वय ६४ असून मधुमेह अठरा वर्षांचा आहे. उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाल्याने त्यांना त्या डोळ्याने केवळ हाताची हालचाल कळते आणि डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्यासाठी दरमहा १४,००० रुपयांचे इंजेक्शन सांगितले आहे. मोठ्या शहरातील एक केंद्र मात्र ‘स्टेम सेल’ने, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराने, दोन्ही डोळ्यांची दृष्टी परत आणण्याची हमी देत साडेसहा लाख रुपये आणि त्यातले ५०,००० आगाऊ मागत आहे. त्यासाठी पोस्टातील ज्येष्ठ नागरिक योजनेचे ८ लाख मोडावेत की येळ्ळूरची १४ गुंठे भातजमीन विकावी, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की दोन्हींना हात लावू नये आणि आगाऊ रक्कमही भरू नये.

पिग्मीवाला आला की बाबा नोट खिडकीपाशी नेऊन, तिरकी धरून पाहतात, असे तुम्ही लिहिले आहे. ती नोट ते डाव्या डोळ्याने ओळखतात, आणि घरातला पहिला रुपया त्या डोळ्यावर खर्च झाला पाहिजे. पडद्याच्या सुजेवर इंजेक्शनचा उपयोग सिद्ध झालेला आहे, पण तो सातत्याने घेतल्यासच होतो. पहिल्या वर्षी साधारण आठ ते दहा आणि दुसऱ्या वर्षी पाच-सहा इंजेक्शने लागू शकतात. त्याचा अर्थ दोन वर्षांत सव्वादोन लाखांपर्यंत खर्च, शिवाय स्कॅन, गरज पडल्यास लेझर आणि जाण्या-येण्याचे पैसे. म्हणून तीन लाख बाजूला काढावेत. दोन-तीन इंजेक्शनांनंतर पैसे संपले म्हणून उपचार थांबवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. म्हणूनच पहिल्या इंजेक्शनच्या आधी दोन वर्षांची तरतूद व्हावी, असा माझा आग्रह आहे.

हे तीन लाख तुमच्याकडे आहेत. क्रेडिट सोसायटीतील ३ लाखांची ठेव पुढच्या महिन्यात पूर्ण होते, ती नूतनीकरण न करता काढून घ्या. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. क्रेडिट सोसायटीतील ठेवीला ते नसते, त्यामुळे तो पैसा आधी बाहेर काढणे तसेही शहाणपणाचे आहे. बँकेत ५०,००० च्या सहा वेगवेगळ्या ठेवी करा, म्हणजे लागेल तेव्हा एकच मोडता येईल. पोस्टातील खाते दोन वर्षांनंतर बंद केल्यास १ टक्का, म्हणजे ८,००० रुपये कापले जातील. ते फार नाहीत. पण ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे १६,४०० रुपये थांबतील, आणि तुमच्या पत्रावरून घरचा किराणा त्यावरच चालतो. जमिनीबद्दल एवढेच की उताऱ्यावर काकांचेही नाव आहे, आणि घाईने विकलेल्या जमिनीला भाव येत नाही.

आता ‘स्टेम सेल’बद्दल. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित काही विकार वगळता हे उपचार केवळ संशोधनाचा भाग म्हणूनच करता येतात आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. विमा नियामकाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना विमा संरक्षण द्यावे असे सांगितले, त्या यादीत डोळ्यातील इंजेक्शन आहे. स्टेम सेलचा उल्लेख मात्र फक्त रक्तविकारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरता आहे. तुमच्या भावाच्या कंपनीच्या गटविम्यात आई-वडील असतील, तर इंजेक्शनसाठी किती मर्यादा आहे हे लेखी विचारा. त्या केंद्रालाही चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.

बाबांची आशा मोडावी, असे मी म्हणत नाही. उजव्या डोळ्यातील रक्त न विरघळता साचून राहिले असेल आणि मागचा पडदा अजून कार्यक्षम असेल, तर शस्त्रक्रियेने काही दृष्टी परत येऊ शकते. ते सोनोग्राफी करून पडद्याचे शल्यचिकित्सकच सांगू शकतील. हुबळी किंवा मिरजेला जाऊन दुसरे मत घ्या. या एका फेरीचा खर्च मी आनंदाने मंजूर करीन. शस्त्रक्रिया ठरलीच, तर तिचा आकडा घेऊन पुन्हा लिहा, तेव्हा पोस्टातील रकमेचा विचार नव्याने करू.

तुमचे रेशनकार्ड बीपीएल असेल, तर ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे; एपीएल असल्यास ठरलेल्या दराच्या ३० टक्के मिळतात. त्यात बाबांचे कोणते उपचार बसतात, हे सिव्हिलमध्ये आधी विचारा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली. तिचीही चौकशी जरूर करा, पण तो पैसा मिळेलच असे धरून हिशेब मांडू नका.

सोसायटीची ठेव हाती यायला महिना आहे आणि सूज तोवर थांबणार नाही. पहिल्या इंजेक्शनचे १४,००० पिग्मीच्या जमा रकमेतून काढा आणि या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या.