सत्तरीकडे झुकलेल्या आईला घेऊन लिस्बन कसं पाहावं?

आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, मासे चालतात पण बाकी सामिष नाही, मुक्काम चार दिवसांचा, आणि यादीत किल्ला, अठ्ठावीस नंबरची ट्राम, बेलेम, सिंत्रा सगळंच. जमेल का, असं तुम्ही विचारलंय. सगळं नाही जमणार, आणि ओढूनताणून जमवूही नका. मी माझ्या मावशीला घेऊन गेले होते. ती बांद्याची, वय तुमच्या आईच्याच आसपास, गुडघ्यांची तक्रारही तीच. त्या अनुभवावरून सांगते.

लिस्बनमध्ये खरा प्रश्न अंतराचा नाही, चढाचा आहे. नकाशावर पाच मिनिटांवर दिसणारं ठिकाण प्रत्यक्षात दीडशे पायऱ्या वर निघू शकतं. म्हणून हॉटेल बाइशा भागात बघा, थोडं महाग पडलं तरी. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात हा भाग जमीनदोस्त झाला, आणि राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्किसने तो सरळ रेषेतल्या रस्त्यांचा, सपाट असा नव्याने बांधून घेतला. संध्याकाळी आईला नुसतं नदीपर्यंत पाय मोकळे करायला न्यायचं तरी चढ लागत नाही. फक्त पायात रबरी तळाचे बूट हवेत. तिथले फूटपाथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या-काळ्या चौकोनांचे आहेत, दिसायला देखणे, पण झिजून इतके गुळगुळीत झालेत की चार थेंब पडले तरी पाय सटकतो.

वर जायला फुकटच्या वाटा आहेत. बाइशा-शियादू मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्यांनी खालच्या दारातून आत शिरून वरच्या शियादूत निघता येतं. किल्ल्याच्या बाजूला जायचं तर फांकेइरुश रस्त्यावरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती सोडली की थोडं चालून, सुपरमार्केट असलेल्या वाहनतळाच्या इमारतीत दुसरी. त्यानंतरही थोडा चढ उरतोच, पण तो बसत-उठत होतो. सांता जुस्ताची १९०२ ची लोखंडी लिफ्ट बघायला सुंदर आहे, पण तिच्या रांगेत आईला उभं करू नका. शियादूतून कार्मु चर्चच्या चौकात चालत गेलात की लिफ्टच्या वरच्या टोकाशीच पोचता. त्या चर्चचं छप्पर भूकंपात गेलं ते पुन्हा घातलंच नाही, नुसत्या कमानी आकाशाखाली उभ्या आहेत.

अठ्ठावीस नंबरची ट्राम दुपारी मार्तिं मोनीशहून पकडायला गेलात तर तासभर रांग, मग आत चेंगराचेंगरी आणि खिसेकापू. सकाळी लवकर जा, किंवा उलट्या टोकाला, कांपु द ओरीककडे चढा. तिथे बसायला जागा मिळते, आणि लाकडी बाकावर बसून गल्ल्या बघणं हीच तर त्या ट्रामची मजा.

बेलेमला अर्धा दिवस द्या. पंधरा नंबरची ट्राम नदीकाठाने सपाटीवरून नेते. जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो, आणि मठाला तिकीट असलं तरी त्याच्या चर्चमध्ये प्रवेश फुकट आहे, रांगही वेगळी. आत शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची कबर, उजवीकडे कवी कामोइंशची. वास्को मेला १५२४ साली कोचीनला. अवशेष पुढे पोर्तुगालला नेले आणि या चर्चमध्ये १८८० साली आणून ठेवले. दगडी पेटीवर दोन्ही हात जोडून आडवा पडलेला पुतळा, आणि पेटीच्या कडेला कोरलेलं शिडाचं जहाज. मावशीचं माहेर गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पोर्तुगीज हा तिच्या घरचाच विषय. चष्मा पुसून तिने कबरीला एक फेरी मारली आणि म्हणाली, "ह्योच काय तो? इलो कालिकताक, आणि निस्तरूचा लागला आमका!" शेजारचे जपानी पर्यटक दचकले. बाहेर आलात की १८३७ पासून चालू असलेल्या दुकानात पास्तेइश द बेलेम, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट, खा. बाहेरची लांब रांग पार्सलवाल्यांची असते. आत खोल्यांमागून खोल्या आहेत, सरळ आत जाऊन बसा.

माझ्या मते खरं चुकवू नये असं ठिकाण म्हणजे टाइल्सचं राष्ट्रीय संग्रहालय. जुन्या मठात आहे, आणि तिथे भूकंपाआधीच्या लिस्बनचं निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर रंगवलेलं सुमारे २३ मीटर लांबीचं चित्र आहे. नदीकाठचा राजवाडा, होड्या, चर्चचे मनोरे, सगळं घरंघर ओळखता येतं. ते आधी पाहा आणि मग प्रासा दु कोमेर्सियूत जा. तो राजवाडा नेमका तिथे होता. आजही लिस्बनकर त्या चौकाला 'राजवाड्याचं पटांगण' अशा अर्थाच्या जुन्या नावाने ओळखतात. जायच्या आधी संकेतस्थळ मात्र बघा. तिथल्या संग्रहालयांत आणि स्मारकांत दुरुस्तीची कामं अधूनमधून निघतात.

जेवणाचं फार टेन्शन घेऊ नका. 'ग्रेल्यादु' लिहिलेला मासा म्हणजे मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला, सोबत उकडलेले बटाटे. मावशीने पहिल्या घासाला "मसालो खंय?" विचारलं आणि काटे तेवढे ठेवून ताट रिकामं केलं. काल्दू वेर्द हे हिरव्या पानांचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या सॉसेजची चकती असते, आधीच सांगा. न मागता टेबलावर आलेले पाव, ऑलिव्ह, चीज खाल्लं तर पैसे लागतात. नको असेल तर परत पाठवलेलं कुणाला वावगं वाटत नाही.

प्रवासाचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं घ्या, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. तेच कार्ड काइश दु सोद्रेहून कासील्याशला जाणाऱ्या फेरीबोटीला चालतं. दहाएक मिनिटांची फेरी, पण नदीतून अख्खं शहर आणि २५ एप्रिल पूल दिसतो, तेही बसल्या जागी. महागड्या क्रूझची गरज नाही.

सिंत्राचं स्पष्ट सांगते: आईला नेऊ नका. रोसियूहून ट्रेन तासाभराच्या आत पोचवते, पण पुढे राजवाड्यांपर्यंत बसच्या रांगा, आणि आत पुन्हा चढउतार. तुम्हाला बघायचंच असेल तर एक सकाळ एकटे जाऊन या. आईला गुल्बेंकियन संग्रहालयाच्या बागेत सोडा; सावली आहे, बाकं आहेत, तळ्यात बदकं आहेत, कॉफी मिळते. मावशीला मी तिथे सोडलं होतं, आणि परत आले तेव्हा ती निघायला तयार नव्हती.