खान्देशातल्या पूरग्रस्त कुटुंबांना नेमकी काय मदत पाठवावी?

तुम्ही विचारलंय की पुण्यात तुमच्या सोसायटीत दोन लाख रुपये आणि कपड्यांची अकरा पोती जमली आहेत, ती खान्देशातल्या पूरग्रस्तांपर्यंत न्यायची आहेत, तर सोबत आणखी काय घ्यावं आणि कधी निघावं.

कपड्यांची पोती आधी टेम्पोतून खाली उतरवा. मग बाकीचं बोलू.

मी चाळीसगावचा. मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीच्या आतली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान आहे. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एकदम गावात शिरल्या, तेव्हा दुकानात कमरेएवढं पाणी होतं. त्यामुळे पहिले तीन दिवस मी मदत घेणाऱ्यांत होतो आणि पुढचे दोन महिने देणाऱ्यांत. दोन्ही बाजू पाहिल्यात, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

टीव्हीवर तुम्ही सांगली-कोल्हापूरचा पूर पाहिलेला असतो. २०१९ ला तिथे पाणी आठ-आठ दिवस हललं नाही. होड्या, छावण्या, जेवणाची पाकिटं, ते सगळं तिथे लागतंच. आमच्याकडचा पूर तसा नसतो. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरात रात्री पाऊस कोसळतो, घाटाखालच्या गावांत दोन-तीन तासांत नदी घरात, आणि दुपारी बघाल तर नदी परत पात्रात जाऊन बसलेली, जसं काही झालंच नाही. तापीचं थोडं बरं. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायचे असले की आधी इशारा मिळतो, काठची माणसं गुरंढोरं घेऊन वर सरकतात. तितूरसारख्या नदीचा इशारा कोण देणार? उन्हाळ्यात तिच्यात पोरं क्रिकेट खेळतात.

त्यामुळे होतं काय, की तिसऱ्या दिवशी मदतीची गाडी येते तोवर कडक ऊन पडलेलं असतं. घरं उभी असतात. गाडीतला माणूस म्हणतो, इथे तर सगळं ठीक दिसतंय. त्याने एकदा उंबरठ्याच्या आत पाय टाकावा. घोट्याच्या वर काळा गाळ, त्यात भांडी, दप्तरं, खताच्या गोण्या, शेजारच्याचा कोंबड्यांचा खुराडा. भिजलेली गोधडी दोघांना उचलत नाही. धान्याच्या कोठीतली ज्वारी दोन दिवसांत फुगून आंबते आणि घरभर असा वास सुटतो की आत जेवण उतरत नाही. कपडे मात्र बहुतेकांचे मिळतात, गाळातून काढून नदीवरच धुऊन झुडपांवर वाळत घातलेले असतात. त्यात तुमच्या पोत्यांतली जीन्स आणि लग्नात मिळालेल्या नायलॉनच्या साड्या. आमच्या भागात एका शाळेच्या व्हरांड्यात असा ढीग दिवाळीपर्यंत पडून होता, शेवटी उंदरांनी घर केलं. नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, टॉवेल, चादरी मात्र जरूर आणा. बायका या गोष्टी मागत नाहीत, पण लागतात त्याच.

आता चक्कीची गोष्ट सांगतो, कारण मदत कशी चुकते ते मला तिथे कळलं.

घाटाच्या बाजूचं एक गाव. पुराच्या चौथ्या दिवशी आम्ही तिघं मित्र मोटरसायकलवर पोहोचलो. गावात तोवर तीन गाड्या येऊन गेल्या होत्या, प्रत्येक घरी गव्हाचं पाच-पाच किलोचं पाकीट, कुठे दोन पाकिटं. गहू चांगला होता. पण गावातली एकुलती एक चक्की नदीच्या अंगाला, मोटार गाळात, वीज पुराच्या रात्रीपासून नाही. शेजारच्या गावचा पूल खचलेला. एक आजी ओट्यावर बसल्या होत्या, पाकीट मांडीवर घेऊन मला म्हणाल्या, "हाऊ गहू कच्चाच खावाना का भाऊ?" मी हसलो आणि लगेच लाज वाटली.

गावात एकाच घरी जुनं जातं निघालं. जड म्हणून वाहून गेलं नव्हतं. त्याच्यापुढे बायकांची रांग. ज्या म्हाताऱ्यांना दळायची सवय होती त्यांचे हात चालत नव्हते, आणि ज्या सुनांचे हात चालत होते त्यांनी जन्मात जातं ओढलं नव्हतं. दोन घरांचं पीठ होईपर्यंत एकीच्या तळहाताला फोड आले.

चक्कीवाला दादा डोक्याला हात लावून बसला होता. साडेसात एचपीची मोटार, त्याचा समज असा की ती गेली, नवी घ्यावी लागणार. बहुतेकांचा हाच समज असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाणी शिरलं म्हणून मोटार जळत नाही. ओल्या मोटारीला करंट दिला की जळते. पुरानंतर वीज येते, माणूस बटण दाबून बघतो, भप्प आवाज होतो, मग रिवायंडिंगशिवाय इलाज नाही. बटण दाबायच्या आधी माझ्यासारख्याच्या हातात ती आली, तर कव्हर उघडायचं, रोटर म्हणजे आतला फिरणारा भाग बाहेर काढायचा, आतला गाळ स्वच्छ पाण्याने सावकाश धुवायचा. दिवसा ऊन, रात्री आत दोनशे वॅटचा बल्ब लावून वर पोतं. दोन-तीन दिवसांनी मेगर, म्हणजे तारेवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र, लावून बघायचा, एक मेगओहमच्या वर काटा गेला की वाईंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, वाचलं. वरून वार्निशचा हात, नवे बेअरिंग, झालं. खर्च बेअरिंगचा आणि मजुरीचा. आम्ही ती मोटार दुकानात आणली, जनरेटरवर वाळवली, सहाव्या दिवशी परत बसवली आणि वीज येईपर्यंत चक्की त्याच जनरेटरवर चालवली. त्या दिवशी गावात जे पीठ निघालं त्यापुढे तीन गाड्यांचा गहू काहीच नव्हता.

हाच नियम घरातल्या मिक्सरला, कूलरला, विहिरीवरच्या मोटारीला. फ्रिजचा कॉम्प्रेसर तर सीलबंद असतो, पाण्याने सहसा मरत नाही, बाहेरची रिले बदलली की बऱ्याचदा चालतो. लोकांनी असले फ्रिज भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकले. भंगारवाले दुसऱ्या दिवशीच फिरतात हो, मदतीच्या गाड्यांच्या आधी.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं: धान्य न्यायचं तर पीठ न्या, किंवा लगेच खाता येईल असं. आणि दोन लाखांतला एक वाटा वस्तूंवर न घालता गावातली बंद पडलेली कामं सुरू करण्यावर घाला. चक्की, पिण्याच्या पाण्याची मोटार, गाळ भरलेली विहीर. आमच्याकडे हे सगळं दहा दिवसांत उभं राहू शकतं, कारण पाणी निघून गेलेलं असतं. पण तेवढ्यासाठी रोख पैसे कोणाकडे नसतात.

दुसरं मजुरीचं. पुण्याहून चाळीस पोरं गाळ काढायला आणू नका. त्यांची राहायची-खायची सोय गावालाच करावी लागते, आणि संध्याकाळी निम्मी पोरं नदीवर फोटो काढत असतात. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे कपाशीच्या निंदणी-फवारणीचे दिवस. शेत वाहून गेलं की मजुराचा रोजही वाहून जातो. शेतकऱ्याला पिकाचे काही ना काही सरकारी पैसे मिळतात, मजुराच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा होत नाही. बटाईने करणाऱ्याचंही तेच, सातबारा दुसऱ्याचा. मग गावातल्याच मजुरांना रोजंदारी देऊन घरं, शाळा, विहिरी साफ करून घ्या. फावडी, घमेली, खराटे, गमबूट तुम्ही आणा, हात इथले. सोबत ब्लीचिंग पावडर आणि पिण्याचं पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर. गाळात साप असतात, पत्रे-काचा असतात, तेव्हा धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सताईंना आधी सांगून ठेवा.

गुरांचं राहिलंच. २०२१ चा आमचा पूर आला तेव्हा पोळा सहा दिवसांवर होता. रात्रीची वेळ, गुरं गोठ्यात दाव्याला. ज्यांनी अंधारात जाऊन दावी कापली त्यांची बरीचशी पोहून कुठेतरी लागली, बाकीची खुंट्यालाच गेली. एका घरी भिंतीवर झूल, घुंगरमाळा, शिंगांचा रंग सगळं आणून ठेवलेलं होतं, भिंत शाबूत, आणि बैलजोडी नाही. वाचलेल्या गुरांना खायला नव्हतं, कारण कडब्याची गंजी पहिली वाहते. दुधाच्या गावाला पहिल्या आठवड्यात बिस्किटांपेक्षा मुरघासाच्या (मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) गोण्या किंवा उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, जास्त कामाचे. हे तुम्हाला पुण्याहून आणायची गरज नाही, शेजारच्या तालुक्यात विकत मिळतं.

सरकारी मदतीबद्दल थोडं सांगतो, कारण तुमच्यात कोणी वकील, बँकेतले, सीए असतील तर त्यांचा उपयोग इथेच आहे. आपत्तीच्या २०२२-२६ च्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळीला ४,००० असे दर आहेत. कपड्यांना कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांना २,५००. पण कपडे-भांड्यांसाठी घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात असावं, असं त्या निकषात लिहिलेलं. आता आमचा पूर सहा तासांचा. सरकार कधी कधी वेगळा शासन निर्णय काढून ही अट ढिली करतं, पण तो निघेपर्यंत माणूस तलाठी कार्यालय ते तहसील अशा फेऱ्या मारतो. (कागदावर तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात तलाठी आप्पाच.)

पंचनामा व्हायच्या आधी घर साफ करू नका, असं लोकांना कोणीतरी सांगतं, आणि ते बिचारे चार-चार दिवस गाळात राहतात. तसं करायचं कारण नाही. आधी मोबाइलवर फोटो काढा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते तिचा, पडलेल्या भिंतीचा, कोठीतल्या धान्याचा, मेलेल्या जनावराचा, आणि त्याच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या १२ अंकी नंबरचा जवळून. घरमालक फोटोत हवा. मग खुशाल साफ करा. ज्यांचे फोन वाहून गेले त्यांच्यासाठी हे काम तुमची पोरं पहिल्या दोन दिवसांत करू शकली, तर तेवढ्यासाठी मात्र जरूर या. फोटोंच्या दोन प्रती छापून एक त्या घरी द्या.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. आधार कार्ड गाळात, अंगठा कामाने झिजलेला, मशीन तो घेत नाही, बँकेचं खातं पाच वर्षं बंद. अशी घरं प्रत्येक गावात असतात. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, दोन धीराची माणसं घेऊन आठवडाभर ग्रामपंचायतीत बसलात, तर त्याने जेवढे पैसे गावात येतील तेवढे तुमची सोसायटी वर्षभर गोळा करू शकणार नाही.

वाटप करताना एक बघा. गाड्या डांबरी रस्त्यावरच्या गावात थांबतात, सरपंचाच्या ओट्यावर वाटप होतं. नदीच्या अगदी कडेला भिल्ल वस्ती असते, पलीकडे तांडा असतो, तिथवर काही पोहोचत नाही. त्यांची घरं गायरानात किंवा अतिक्रमणात, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नाव नाही, म्हणून पडझडीच्या यादीतही अडचण येते. आमच्या इथे एका संस्थेने सगळी किट्स चौकात अर्ध्या तासात वाटली, बॅनर धरून फोटो काढले आणि गेली. वस्तीतल्या बायका कामावरून आल्या तेव्हा रिकामी खोकी होती. म्हणून यादी गावाने दिली तरी शेवटच्या घरापासून सुरुवात करा आणि वर या.

कधी निघावं? पहिल्या तीन दिवसांचं जेवण शेजारची गावं सांभाळतात. आमच्याकडे परातीभर बट्ट्या आणि वरण घेऊन लोक न सांगता येतात. दहाव्या दिवशी सगळे आपापल्या कामाला गेलेले असतात, तेव्हा खरी टंचाई सुरू होते. फोटो-पंचनाम्याची दोन माणसं लगेच पाठवा, टेम्पो आठ-दहा दिवसांनी.

मोठा ट्रक आणणार असाल तर कन्नड घाटातून येऊ नका. २०२३ पासून तिथे जड वाहनांना बंदी आहे, नांदगावकडून या. आणि ज्या गावाला जाल तिथल्या बुडालेल्या मोटारींना कोणालाही बटण दाबू देऊ नका, मला इथे निरोप टाका. माझी दोन पोरं येतील. मजुरी नको, बेअरिंग आणि तारेचा खर्च तेवढा तुमच्या दोन लाखांतून द्या.